बाबांचे चार ओहम

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. सकाळी साडेपाचला घर सोडावं लागतं, कारण उपाशीपोटी येणारी माणसं सहापासूनच बाकांवर येऊन बसलेली असतात. दुपारी तीनला घरी पोचते तेव्हा पोटऱ्यांत गोळे आलेले असतात आणि कोणाशी चार शब्द बोलायचीही इच्छा उरलेली नसते. त्या दिवशी तशीच आले. बघते तर पडवीत वर्तमानपत्र पसरून त्यावर ताटाएवढे दोन काळे स्पीकर ठेवलेले, आणि बाजूला खुर्चीवर बाबा.

"हे काय?" मी विचारलं.

त्यांना ऐकू गेलं नाही. मी हाताने खूण केली.

"सबवूफर," ते म्हणाले. "काटोलहून आणले. गाडीत लावाचे आहेत."

"कोणाच्या गाडीत?"

हे त्यांना ओठांवरून कळलं. "आपल्या. अजून कोणाच्या?"

मी चपला काढल्या, आत जाऊन फ्रिजमधली बाटली काढली आणि उभ्यानेच पाणी प्यायले. वाद घालायला लागणारा जोर त्या क्षणी माझ्यात नव्हता.

बाबा एक्याऐंशी वर्षांचे. वीज मंडळात चौतीस वर्षं लाइनमन होते. खांबावर चढायचं काम पोटासाठी, आणि ढोलकी स्वतःसाठी. आमच्या वस्तीतल्या विहाराची गायन पार्टी होती, तिच्यात ते ढोलकी वाजवायचे. जयंतीचा महिना आला की ते घरी फक्त झोपायला यायचे. काटोलचा त्यांचा एक मित्र पेटी वाजवायचा. पार्टी मोडून पंधराएक वर्षं झाली, मित्र टिकला. त्या मित्राच्या मुलाने गाडी विकताना आतले सबवूफर काढून ठेवले होते. ते संत्र्यांच्या रिकाम्या क्रेटमध्ये पडून होते. मित्र म्हणाला, घेऊन जा. बाबांनी ते पिशव्यांत घालून एसटीने आणले, एका हातात एक. एकेक चांगला सात-आठ किलोचा.

बाबांचे कान जायला लागून आठ-नऊ वर्षं झाली. आधी बायकांचे आवाज गेले, म्हणजे घरात आईचा आणि माझा. आई शेवटच्या वर्षात खूप हळू बोलायची, ते त्यांना बहुतेक कळलंच नाही. मग पेटी गेली, मग गाण्यांतले शब्द. मशीन घेतलं, पण ते कानात घातलं की भांडी आपटल्याचा आवाज टोचतो म्हणून ते शर्टाच्या खिशात असायचं. डॉक्टर म्हणाले होते, बारीक आवाज गेलेत, जाड आवाज थोडे शिल्लक आहेत. मी ते ऐकून विसरले होते. बाबा विसरले नव्हते.

त्या वर्षी जयंतीच्या दिवशी आम्ही गाडीने निघालो होतो आणि मिरवणुकीत अडकलो. शेजारच्या गाडीत गाणी लागली होती, काचा बंद, तरी आमचं दार थरथरत होतं. मी वैतागून डोकं धरलं होतं. बाबांनी दारावर हात सपाट ठेवला आणि म्हणाले, "धुम ऐकू येऊन राहिली वं मले."

ढोलकीच्या डाव्या बाजूचा जो खोल आवाज, त्याला ते धुम म्हणत. मी "हो का" म्हटलं असेल. फक्त जाड आवाज काढणारे काटोलचे सबवूफर हा त्याचा परिणाम होता.

गाडी कागदावर बाबांची आहे. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली छोटी हॅचबॅक. मोतीबिंदूनंतर त्यांनी चालवणं सोडलं आणि ती माझ्याकडे आली. रविवारी मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते, तेव्हा बर्फाची पेटी डिकीत असते. मी कागदावर लिहून त्यांना दाखवलं, 'डिकीत जागा नाही.' त्यांनी वाचलं आणि खाली लिहिलं, 'मागच्या सीटवर ठेव.' बोलता येत असूनही लिहिलं. म्हणजे ठरलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात ते ऑटोने एकटेच बर्डीच्या बाजारात जाऊन ॲम्प्लिफायर घेऊन आले. खोक्यावर वॅटचा भलामोठा आकडा छापलेला. बाबांनी चष्म्याला भिंग लावून आतलं माहितीपत्रक वाचलं आणि म्हणाले, "वरचं सगळं खोटं. खरे पाचशे. आपल्याले पुरते." मग लकडगंजच्या एका सुताराकडून प्लायवूडचा खोका करून घेतला, मधे फळी घातलेला, म्हणजे प्रत्येक सबवूफरला आपापली खोली. तो खोका आणि हे सगळं सामान घेऊन एका बुधवारी, ड्युटीनंतर, मी त्यांना गाड्यांची साउंड सिस्टिम लावणाऱ्या दुकानात नेलं.

उन्हाचे दिवस होते. दुकानापुढे चार गाड्या आधीच उभ्या होत्या. फिटर कामात तरबेज दिसत होता, पण त्याला श्वास घ्यायला वेळ नव्हता. आमचा नंबर यायला दोन तास लागले. बाबा सगळा वेळ उभे राहून त्याचे हात बघत होते. मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पेंगत होते. शेवटी त्याने तारा जोडल्या, गाणं लावलं. पाच-सहा ठोके असे पडले की दुकानाचं शटर हललं. मग एकदम शांत. ॲम्प्लिफायरवर लाल दिवा.

फिटरने बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा पाच ठोके, पुन्हा लाल दिवा.

"ताई, ॲम्प छोटा पडून राहिला," तो मला म्हणाला. "हे सबवूफर भारी आहेत. मोठा ॲम्प घ्या, तेव्हाच चालन."

मी कागदावर लिहिलं, 'ॲम्प लहान आहे म्हणतो.' बाबांनी वाचलं आणि मान हलवली.

"लहान नाही. यानं लोड चुकीचा देला. चारही कॉइल पॅरललमधे टाकल्या."

"काकाजी," फिटर म्हणाला, "आम्ही दिवसाले दहा गाड्या करतो."

"दहा कर का वीस कर. हा एक ओहम झाला. मशीन जळून नाही गेलं हेच नशीब."

"काय म्हणून राहिले?" त्याने मला विचारलं. बाबांचा आवाज बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा होता, आणि बाकीचे गिऱ्हाईक बघायला लागले होते. मी फिटरला म्हटलं, "माफ करा दादा, म्हातारं माणूस आहे, त्यांना ऐकू येत नाही. आम्ही बघतो काय करायचं ते." त्याने आमचं सामान बसवलेलं तसंच राहू दिलं, फक्त मुख्य फ्यूज काढून माझ्या हातात दिला. त्याचं काही चुकलं असं त्यालाही त्या घाईत वाटलं नसेल.

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "तू त्याची माफी काहून मागितली?"

त्यांनी ओठ वाचले होते. मी सिग्नलला थांबले होते, समोर बघत म्हणाले, "बाबा, मी पहाटे साडेचारपासून उभी आहे. मला आता कोणाशीही भांडायचं नाही. तुमच्यासाठी नाही आणि माझ्यासाठीही नाही."

"काय?"

"काही नाही," मी म्हटलं आणि गाडी पुढे काढली.

तीन दिवस ते जेवणाच्या टेबलावर जुन्या कॅलेंडरच्या मागे आकृत्या काढत बसले. प्रत्येक सबवूफरमधे तारेच्या वेटोळ्यांच्या दोन कॉइल, दोघांच्या मिळून चार. चार गोल, त्यांना जोडणाऱ्या रेघा, बाजूला आकडे. मी भाजी चिरत असले की कागद माझ्यापुढे सरकवायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. लॅबमध्ये त्या आठवड्यात दोघी सुट्टीवर होत्या, त्यांची कामंही माझ्याकडे आली होती.

रविवारी सकाळची घरोघरची फेरी करून मी दहाला परतले तर बाबा दारातच उभे. हातात त्यांचा वीज तपासायचा जुना मीटर, टेप, पकड, तारेचे तुकडे.

"चाल," ते म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. हात थरथरत होते. दोन-तीन वर्षांपासून थरथरतात, चहाचा कप ते अर्धाच भरून मागतात. "मले स्क्रू लागत नाही," ते म्हणाले. "तुले हात आहेत. तू म्हाताऱ्या बायांच्या शिरा शोधते."

मला आडवं व्हायचं होतं. पाठीचा कणा वेगळा काढून बाजूला ठेवता आला असता तर ठेवला असता. पण ते हात तसेच पुढे धरून उभे होते. मी पिशवी ठेवली आणि गाडीच्या शेडमधे गेले.

"आधी लाइन बंद," ते म्हणाले. बॅटरीची निगेटिव्ह तार मला काढायला लावली. काढली, तर म्हणाले दाखव. दाखवली, तर ती कापडात गुंडाळून लांब सारायला लावली. चौतीस वर्षांत त्यांच्या बरोबरीची तीन माणसं खांबावरून खाली आली ती कोणीतरी 'बंद आहे' म्हटलं म्हणून. हे त्यांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा सांगितलं, डिकीपाशी उभं राहून, जरा जास्तच मोठ्या आवाजात. शेजारच्या काकू गच्चीवरून बघत होत्या.

एकेका सबवूफरला आठ स्क्रू. ते काढून मी पहिला उचलला आणि कमरेत कळ आली. खाली बसले. बाबांनी आतून उशी आणून माझ्या पाठीशी दिली. मग त्यांनी मीटरची टोकं मला धरायला लावली. काटा जवळजवळ शून्यापाशी.

"एक ओहम," ते म्हणाले. "हा ॲम्प दोन्ही चॅनेल जोडून चालवला का त्याले चार पाहिजे. एक देला तर तो करंट ओढत बसते, तापते, आणि मग स्वतःले वाचवासाठी बंद पडते. तो लाल दिवा म्हणजे काही बिघाड नाही. मी आता थांबतो म्हणून सांगते तो."

त्यांनी कॅलेंडरचा कागद डिकीत पसरला. या वेळी मी पाहिलं. एकेक कॉइल चार ओहमची, म्हणजे विजेला तेवढा अडथळा. एका सबवूफरच्या दोन कॉइल एकामागे एक जोडल्या की बेरीज, आठ. असे दोन आठ शेजारी शेजारी जोडले की निम्मे, चार. फिटरने सगळे लाल एकत्र आणि सगळे काळे एकत्र बांधले होते, म्हणून चाराचे चार भाग होऊन एक उरला होता. इतकंच होतं. तीन दिवस हा कागद माझ्यापुढे येत होता आणि मी कोथिंबीर निवडत होते.

मी तारा सोलल्या. ते म्हणायचे, "तांबं कापू नको, फक्त वरचं सोल." प्रत्येक जोड झाला की, "ओढून पाहा." मी ओढायची. "अजून ओढ." दोनदा तार सुटली आणि पुन्हा केली. घाम डोळ्यांत जात होता. मधे एकदा मी कंटाळून म्हटलं, झालं आता, पुरे. त्यांनी ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे.

शेवटी मीटर धरला. काटा चाराच्या किंचित अलीकडे थांबला.

"चार म्हण," बाबा म्हणाले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. पाठ सीटला पूर्ण टेकवून, दोन्ही तळवे सीटवर.

मी फ्यूज घातला, बॅटरी जोडली, इंजिन चालू केलं, ॲम्प्लिफायरचा आवाजाचा स्क्रू त्यांनी सांगितल्याप्रमाणे अगदी खाली ठेवून मोबाइलवरून ढोलकीचं एक जुनं गाणं लावलं. लाल दिवा लागला नाही. हळूहळू स्क्रू फिरवला. मला ते गाणं म्हणून ऐकूच येत नव्हतं, फक्त छातीवर कोणी उशी आपटतंय असं वाटत होतं. बाबांकडे पाहिलं. डोळे मिटलेले. डावा हात सीटवरून उठून मांडीवर आला होता आणि बोटं हलत होती.

गाणं संपलं. मी वाट बघत होते, ते काय म्हणतात.

"कच्चा आहे," ते म्हणाले.

"काय?"

"वाजवणारा. उजवा हात कसा आहे ते मले आता समजत नाही. पण डावा कच्चा आहे. धुम घेताना मागे पडते. दुसरं लाव."

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते आठवत नाही. त्यांनी त्या दुपारी सात ढोलकीवाले तपासले. दोन पास केले.

त्यानंतर रोज दुपारी मी घरी पोचले की ते पडवीत तयार बसलेले असायचे, केस विंचरून. मी गाडी बंद करायच्या आत ते मागचं दार उघडायचे. मी पुढच्या सीटवर बसून राहायची, कारण मोबाइलवर गाणी बदलणं त्यांना जमत नव्हतं. भूक लागलेली असायची, डोकं ठणकायचं. खरं सांगायचं तर तो त्यांचा आनंद मला रोज बघवत नव्हता. एक दिवस छान वाटतं. पंधराव्या दिवशी ती आणखी एक ड्युटी होते. शेजारच्या काकूंनी एकदा मला फाटकाशी गाठून सांगितलं, "बाई, आमच्या फळीवरचे डबे नाचतात वं." मी त्यांचीही माफी मागितली.

पेट्रोल जाळायचं नाही म्हणून बाबा मला इंजिन बंद करायला लावायचे. व्हायचं ते झालं. एका सोमवारी पहाटे गाडी सुरूच झाली नाही. बॅटरी पार उतरली होती. त्या वेळी ऑटो मिळेना. मी पाऊण तास उशिरा पोचले. उपाशी बसलेली साखरेची एक पेशंट भोवळ येऊन पडली होती. तिला काही झालं नाही, पण तिच्या मुलीने मला सगळ्यांसमोर सुनावलं आणि तिचं काही चुकलं नव्हतं. मी दिवसभर मान खाली घालून सुया टोचत राहिले.

घरी आले आणि उंबऱ्यातूनच सुरू झाले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईचंही नाव काढलं, ते काढायला नको होतं. मी आयुष्यात इतकी ओरडले नव्हते. बाबा खुर्चीवर बसून ऐकत होते, आणि मधेच म्हणाले, "येते ऐकू. एवढी काहून ओरडते?"

आवाज जाड झाला होता माझा. तो त्यांच्या कानापर्यंत गेला होता.

बाबा उठून आत गेले.

आठवडाभर ते पडवीत आले नाहीत. मीही गाडीचा विषय काढला नाही. दुपारी थेट आत येऊन झोपायला मिळत होतं आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत नाही याचं थोडं वाटायचं, पण तेवढ्यात झोप लागायची.

पुढच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर पुन्हा कॅलेंडरचा कागद दिसला. या वेळी दोनच गोल होते.

"एक काढून टाक," बाबा म्हणाले. "एकाच्या दोन कॉइल मागेपुढे, आठ ओहम. ॲम्पले आराम. आवाज थोडा कमी, बॅटरीवर लोड कमी. डिकीत तुह्या बर्फाच्या पेटीले जागा. आणि इंजिन चालू असल्याबिगर लावाचं नाही."

"आणि काकूंचे डबे?" मी लिहून विचारलं.

"फाटकाबाहेर, मैदानापाशी नेऊन लावू. दहा मिनिटं. रोज नाही."

त्यांनी हे सगळं आठवडाभर मनात जुळवलं असणार. मी म्हटलं, "मी त्या दिवशी जास्त बोलले बाबा." या वेळी मशीन कानात होतं. ते म्हणाले, "गाडी सुरू नाही झाली तर माणूस बोलणारच," आणि पकड माझ्या हातात दिली.

सुताराने खोका मधल्या फळीपाशी कापून दिला. दुसरा सबवूफर पलंगाखाली गेला. आता आम्ही आठवड्यातून तीनदा मैदानापाशी जातो. कडुनिंबाच्या सावलीत गाडी लावते, इंजिन चालू ठेवते, गाणी आधीच ओळीने लावून ठेवलेली असतात.

दोन महिन्यांपूर्वी त्यांची कानाची तपासणी पुन्हा केली. डॉक्टर म्हणाले, जाड आवाजही आता कमी होतायत, वयाने होणारच. बाबांनी मला विचारलं नाही की ते काय म्हणाले. मीही लिहून दाखवलं नाही. फक्त गाडीत ते मधूनमधून म्हणतात, "जरा वाढव," आणि मी वाढवते. एका मर्यादेपुढे कॉइल तापेल, हे त्यांनीच मला शिकवलंय, म्हणून तिथे थांबते आणि मान हलवते. ते समजतात. मग ते मागे वळून तळवा थेट मागच्या खोक्याकडच्या पत्र्यावर ठेवतात आणि तसेच बसतात.

बहुतेक वेळा मला पुढच्या सीटवर झोप लागते. इतक्या आवाजात कशी लागते, मलाच कळत नाही. परवाही लागली. जाग आली तेव्हा गाणी संपलेली होती, इंजिन नुसतं घुरघुरत होतं, आणि बाबांचा थरथरता हात माझ्या खांद्यावर होता.

"चाल माय," ते म्हणाले. "घरी जाऊन झोप."